बिल्ल्याचे मासे

आमच्या घरात मासा शिजत नसे. आम्ही तापीकाठचे शेतकरी. गळ्यात माळ नसली तरी ताटात मासळी चालायची नाही. मी मात्र दर रविवारी गळ घेऊन नदीवर जायचो आणि जे लागेल ते वाटेत भिलाटीत देऊन रिकाम्या हाताने घरी यायचो. बायको विचारायची, "तुम्ही खातस नही, मंग धरतस काबर?" या प्रश्नाला मला कधी धड उत्तर देता आलं नाही. आठवडाभर टपालाच्या पिशव्या, शिक्के आणि लोकांच्या तक्रारी. रविवारी कोणी काही न विचारता चार तास पाण्याकडे बघत बसता यावं, एवढंच त्यात होतं. पण एवढं बोललो असतो तर तीच म्हणाली असती, मग नुसतेच बसा, काठी कशाला?

सारंगखेड्याला मी पोस्टमास्तर होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. पोस्ट म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीच्या आढ्याला माझी गळाची काठी अडकवलेली असे. साहेबाची नजर पहिल्यांदा त्या काठीवरच गेली.

साहेब गोरा, पन्नाशीचा, उन्हाने नाकावरची कातडी सोललेला. मुंबईकडच्या कुठल्याशा खात्यातून आला होता आणि नदीकाठच्या बंगल्यात उतरला होता. पार्सल पाठवायला आला आणि काठीकडे बोट दाखवून त्याने शिकलेल्या मराठीत विचारलं, "ही आपली काय?" मी हो म्हटल्यावर त्याने बाहेरची खुर्ची ओढली आणि तासभर बसला. माझ्या नोकरीत कुठलाही साहेब माझ्यासमोर तासभर बसला नव्हता.

त्याचं काम ऐकून मला आधी हसू आलं. तो मासे पकडायचा, त्यांच्या पाठीवरच्या पराच्या मुळाशी बारीक तारेने एक बिल्ला बांधायचा आणि मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. बिल्ला अर्ध्या बोटाएवढा, पांढऱ्या पत्र्याचा, त्यावर आकडा. मोठे मासे, ज्यांना तो महाशीर म्हणे आणि आमचे भोई खडस म्हणत, ते पावसाळ्यात नदीतून किती वर जातात, गोमाई नदीत शिरतात की नाही, पाणी ओसरल्यावर कुठे राहतात, हे त्याला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी बिल्ल्याचा मासा ज्याच्या गळाला लागेल त्याने आकडा, जागा, दिवस आणि माशाची लांबी कळवायला हवी होती.

"जाळंवाले भोई मला भितात," तो म्हणाला. "त्यांचं पोट त्यावर आहे. मला शौकाने गळ टाकणारे लोक पाहिजेत. ते आपल्याला ओळखतात. आपण त्यांना सांगा."

मी विचारलं, "साहेब, कळवणाऱ्याला काही त्रास?"

"काही नाही. मी मासा वाचतो, माणूस वाचत नाही."

हे वाक्य मला फार आवडलं. पुढे महिनाभर मी ते ज्याला त्याला ऐकवत सुटलो.

आमच्या भागात शौकाने गळ टाकणारे म्हणजे दहा-बारा जण. शहाद्याचे एक वकील, दवाखान्यातले कंपाउंडर, दोन शेतकरी, एक शिंपी, असे. नदीवर एकमेकांना रामराम करायचे आणि हाक ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसायचे, इतकीच ओळख. मी त्या सगळ्यांकडे गेलो. साहेबाने दिलेले छापील कागद दाखवले, वाचून दाखवले. त्याआधीच गावात नाही नाही त्या गोष्टी पसरल्या होत्या. बिल्ल्याचा मासा सरकारचा, तो धरला तर तुरुंग. बिल्ला घरात ठेवला तर घरावर जप्ती. एका बाईने तर सापडलेला बिल्ला दृष्ट लागू नये म्हणून म्हशीच्या गळ्यात बांधला होता. मी म्हशीच्या गळ्यातला आकडा उतरवून घेतला आणि बिल्ला म्हशीलाच राहू दिला. साहेबाला ते कळवलं तर तो मोठ्याने हसला म्हणे. पत्रात तसं लिहिलं होतं.

हळूहळू कागद येऊ लागले. शिंप्याने एक भरला, कंपाउंडरने दोन. वकिलांनी तर चार भरले, सुबक इंग्रजीत. मी ते लखोट्यात घालून पाठवायचो आणि साहेबाचं उत्तर यायचं. प्रत्येक उत्तरात माझे आभार. एकदा त्याने लिहिलं, की सगळ्या तापीवर माझ्याइतका भरवशाचा माणूस त्याला मिळाला नाही. ते पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. वडिलांना दाखवलं. पोस्टात येणाऱ्या पाटलांनाही दाखवलं. आज आठवलं की लाज वाटते, पण त्या वेळी मी ते खिशात घेऊन हिंडत होतो.

एकच माणूस माझ्या हाती लागत नव्हता, आणि नेमका तोच आमच्यात सगळ्यात पट्टीचा गळवाला होता.

तो नालबंद. जातीचा मुसलमान, गावातलं जुनं घर, तीन पिढ्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्या. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. मी त्याला चाचा म्हणायचो. घोडेबाजार भरला की लांबलांबचे व्यापारी त्याचं नाव काढत येत. लाथाळ घोडी असली तर तो तिच्या मानेला हात लावून काहीतरी पुटपुटायचा आणि ती पाय उचलून द्यायची. त्याचे गळ तो स्वतः घडवायचा, छत्रीच्या काडीपासून. शुक्रवारची नमाज झाली की दुकान बंद आणि चाचा नदीवर. कुठे जायचा ते कोणालाच माहीत नव्हतं. तो गावातून खालच्या अंगाला जाताना दिसायचा आणि वरच्या अंगाने परत यायचा.

मी दोनदा विचारलं. "माले एक बी बिल्ला मिळना नही, मास्तर," तो म्हणाला.

मग एकदा आमच्या घोडीचा नाल सुटला म्हणून मी तिला त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने खिळ्यांचा डबा उघडला, आणि खिळ्यांत तीन पांढरे बिल्ले चमकत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने घोडीचा पाय मांडीवर घेतला आणि खूर कानशीने घासू लागला.

"चाचा, हाई काय शे?"

"तुमी देखं ना. मंग काय इचारतस?"

"मंग कळावं काबर नही? साहेब काहीच करस नही. मी सांगस ना."

तो घासत राहिला. घासून झाल्यावर म्हणाला, "आकडा लिखी ल्या. तिन्ही लिखी ल्या. पन जागा सांगाव नही."

मी आकडे लिहून घेतले आणि जागेच्या रकान्यात 'तापी नदी' एवढंच लिहिलं. पंधरा दिवसांनी साहेबाचं पत्र आलं. त्या तीन आकड्यांनी तो हरखून गेला होता. ते मासे त्याने फार खाली, प्रकाशा गावापलीकडे सोडलेले होते, आणि तीनही एकाच माणसाला मिळाले म्हणजे ते एका जागी गोळा होत असणार. ती जागा कोणती? 'आपण हे कराल अशी माझी खात्री आहे,' असं त्याने शेवटी लिहिलं होतं.

त्या शेवटच्या ओळीने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

गळ टाकणाऱ्याला त्याची जागा विचारू नये, हे मला माहीत होतं. आम्ही सगळेच त्याबाबतीत एकमेकांशी खोटं बोलायचो आणि कोणाला त्याचं वाईट वाटत नसे. तरीही मी चाचाच्या मागे लागलो. दुकानात जाऊन बसायचो. चहा मागवायचो. म्हणायचो, यात विद्या आहे, आपल्या गावाचं नाव पुस्तकात येईल, तुमचं नाव येईल. तो हसायचा. "मन्हं नाव घोडासले माहीत शे. बस." दीड-दोन महिने हे चाललं. शेवटी एक दिवस मी म्हटलं, "चाचा, तुमना मन्हावर भरोसा नही का?"

हे मी बोलायला नको होतं. मी गावाचा पोस्टमास्तर, त्याच्या मुलीच्या सासरची पत्रं वाचून दाखवणारा, उत्तरं लिहून देणारा. त्याच्या घरातलं सुखदुःख मला ठाऊक होतं. माझ्यावर भरवसा नाही असं तो कसं म्हणणार?

"भरोसा शे," तो म्हणाला. "पन हाई जागा मन्हा बापनी माले दखाडेल शे. मी मन्हा पोर्‍याले बी अजून दखाडी नही."

"कोनलेच समजाव नही. मी शब्द देस."

पुढच्या शुक्रवारी तो मला घेऊन गेला. आधी खाली, मग शेतांच्या बांधांनी वळसा घालून वर. नदीच्या काठाला कपारीत एक मोठं उंबर वाकलेलं होतं आणि त्याखाली काळ्या दगडांच्या कुशीत डोह. वरून काही दिसत नव्हतं. पिकलेली उंबरं टपटप पाण्यात पडत होती. चाचाने माझा हात दाबला आणि डोळ्यांनी दाखवलं. एक उंबर पडलं, आणि पाण्याखालून हातभर रुंद, पितळेसारखी झळाळी वर येऊन पुन्हा खाली गेली. मग दुसरी. मग एकाच वेळी तीन-चार. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. त्याने गळाला उंबर लावलं. बाकी आम्ही सगळे गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायचो. हे त्याचं दुसरं गुपित.

"एकच काढानं," तो म्हणाला. "एका जुम्माले एकच. बाप सांगी गया."

त्याने एकच काढला आणि दोरी गुंडाळली.

घरी येऊन मी कागद भरला. दिलेला शब्द गळवाल्यांपुरता होता, साहेब त्यांत मोडत नाही, असं मी स्वतःला समजावलं. चाचाने जागा सांगितली होती ती अशी: म्हातारीच्या शेतापल्याड, जिथे पाणी बोलायचं थांबतं तिथे. मी ती सरकारी मराठीत आणली. गावापासूनचं अंतर, कोणता काठ, उंबराचं झाड, काळ्या दगडांची कपार, उतरायची पायवाट. उंबराच्या आमिषाचं आणि चाचाच्या दर शुक्रवारच्या फेरीचंही लिहिलं. साहेबाला आवडेल म्हणून छोटासा नकाशाही काढला. वर चाचाचं नाव घातलं, खाली माझी सही. नकाशा चांगला जमला होता. मी तो दिव्याजवळ धरून दोनदा पाहिला.

साहेब डोह पाहायला स्वतः आला. मला सोबत घेतलं, चाचाला नाही. काठावर पालथा पडून तो दोन तास पाण्यात बघत होता, आणि परत येताना बोलतच नव्हता. मला वाटलं, आनंदाने.

मार्गशीर्ष लागला. यात्रा आणि घोडेबाजार तोंडावर आला. गावात बांबू उतरू लागले, राहुट्या उभ्या राहू लागल्या. त्याच आठवड्यात टपालातून दोन लखोटे आले, एक चावडीवर द्यायचा आणि एक माझ्या नावाचा. माझ्यातल्या कागदावर लिहिलं होतं की त्या डोहात आणि त्याच्या वरखाली एका ठरावीक अंतरात मासे धरायला यापुढे बंदी आहे. जातिवंत मासे तिथे उन्हाळा काढतात असं सिद्ध झालं आहे, त्यांचं रक्षण व्हायला हवं. फक्त परवानाधारकांना, चक्राच्या काठीने, म्हणजे दोरी गुंडाळायचं चक्र असलेल्या विलायती काठीने, शौकासाठी मासेमारी करता येईल. आणि सोबत माझ्या नावाचा एक परवाना. 'आपल्या मोलाच्या मदतीबद्दल.'

चाचाच्या नावाचा परवाना नव्हता. मी लखोटा उलटा करून झटकला.

मी त्याच क्षणी उठून त्याच्या दुकानात जायला हवं होतं. दुकान पोस्टापासून हाकेच्या अंतरावर. मी गेलो नाही. मंगळवार होता. मी स्वतःला सांगितलं, साहेबाला लिहून चाचासाठीही परवाना मागवू आणि मग दोन्ही गोष्टी एकदमच सांगू, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही. पत्र लिहिलंही. बुधवारी त्याच्या दुकानावरून गेलो तेव्हा दारात चार घोडे उभे होते, तो कामात होता. गुरुवारी मी त्या रस्त्याने गेलोच नाही.

शुक्रवारी नमाजनंतर तो डोहावर गेला. उंबराला नवी पाटी ठोकलेली होती. त्याला वाचता येत नव्हतं. दोन शिपाई कपारीवर दडून बसलेले होते.

त्यांनी त्याची काठी जप्त केली, गळांची डबी जप्त केली, धरलेला एक मासा जप्त केला. शनिवारी शहाद्याच्या कचेरीत हजर केलं आणि तारीख पुढची दिली. तोवर जामीन व्हायला कोणी नसेल तर आत. मला रविवारी कळलं. मी धावत गेलो तर रविवार म्हणून कचेरी बंद, आणि दुसऱ्या दिवशी जामिनाचं काम करणारा कारकून रजेवर. सोमवार गेला, मंगळवार गेला. तारीख आली ती घोडेबाजाराच्या ऐन तिसऱ्या दिवशी. तोवर गावात हजारभर घोडे उतरले होते आणि धुळ्याकडून आलेला एक परका नालबंद चाचाच्या दुकानासमोरच भट्टी पेटवून बसला होता. व्यापारी विचारत, इथला जुना माणूस कुठे? लोक सांगत, चोरीत पकडला.

कचेरीत मला साक्षीला बोलावलं. साक्ष एवढीच, की हा कागद माझ्या हातचा आहे का. तोच कागद होता, नकाशासकट. सरकारी वकिलाचं म्हणणं होतं की आरोपी तिथे नेहमी मासे धरतो, चुकून गेला नव्हता.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"आरोपी दर शुक्रवारी त्या ठिकाणी जातो, असं यात लिहिलं आहे. खरं?"

"खरं. पण साहेब, तेव्हा बंदी नव्हती. आणि पाटी वाचता..."

"विचारलं तेवढंच सांगा."

चाचा पिंजऱ्याच्या गजाला हात लावून उभा होता. त्याने सबंध वेळ माझ्याकडे पाहिलं नाही. मारकुट्या घोड्यासमोर उभा राहतो तसा, अगदी निवांत, खाली मान घालून उभा होता. दंड झाला. तो त्याच्या भावाने भरला. मी पुढे झालो होतो, पण भावाने मला हाताने बाजूला केलं. काठी परत मिळाली नाही.

बाहेर शहाद्याचे वकील भेटले, तेच चार कागद भरणारे. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मास्तर, जागा खरी लिहिलीत?"

मी म्हटलं, "मग काय लिहिणार?"

"मी चार कागद भरले. आकडे खरे, जागा चारही खोट्या. जागा कोण खरी सांगतो?" आणि खिशातून त्यांनी आपला परवाना काढून दाखवला. त्यांनाही आला होता. मोलाच्या मदतीबद्दल.

चाचाच्या परवान्याबद्दलचं उत्तर महिन्याने आलं. साहेबाला वाईट वाटलं होतं, त्याने ते दोन पानं भरून लिहिलं होतं. पण परवाना चक्राच्या काठीवाल्यांनाच, आणि वर पोलिसांत नाव लागलेल्या माणसाला मुळीच देता येत नाही. नियम त्याने एकट्याने केलेला नव्हता. आणि आपण एक गोष्ट विसरू नये, असं त्याने लिहिलं होतं, की ते मासे वाचले.

आता मला जे लिहायचं आहे ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

फाल्गुनात साहेब पुन्हा आला आणि मला डोहावर चल म्हणाला. मी नाही म्हणू शकलो असतो. परवाना माझ्या नावाचा होता, सक्ती कोणाची नव्हती. मी गेलो. त्याने आपली दुसरी काठी माझ्या हातात दिली, चक्र कसं फिरवायचं ते दाखवलं. मी गळाला उंबर लावलं. थोड्याच वेळात दोरी अशी ओढली गेली की माझे खांदे निखळायला आले. अर्धा-पाऊण तास तो मासा माझ्याशी झुंजला. साहेब बाजूला उभा राहून ओरडत होता, "सोडा! आता ओढा! सोडा!" शेवटी तो काठाशी आला तेव्हा मला दिसलं, की इतका मोठा मासा मी कधी पाहिलेलाही नव्हता. आणि त्या वेळी मी सुखात होतो. चाचाची आठवण मला आली नाही. पाऊण तास एकदाही आली नाही. साहेबाने माशाला बिल्ला बांधला, आम्ही त्याला पाण्यात सोडलं, तो संथपणे खाली गेला, आणि मग मी काठी साहेबाच्या हातात देऊन उंबराखाली जाऊन बसलो. साहेबाला वाटलं, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचाच्या दुकानात गेलो. कचेरीनंतर पहिल्यांदाच. तो एका खोंडासारख्या दांडग्या घोड्याचा मागचा पाय धरून बसला होता. मी म्हटलं, "चाचा, मन्ही चुकी झायी."

तो खिळे ठोकत राहिला. चार ठोकले, टोकं वळवली.

"काय चुकी झायी?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मी तुमले शब्द देयेल व्हता."

"तुमी खोटं सांगं का काही? खरंच सांगं ना. मन्हं नाव खरं, जागा खरी, जुम्मा खरा." त्याने घोड्याचा पाय खाली ठेवला आणि थोपटला. "मन्हा बाप सांगे, खोटं बोलनारापासून माणूस वाची जास. खरं बोलनारापासून कसं वाचानं, ते त्यानी सांगं नही."

"तुमी माले शिव्या द्या, चाचा."

"घोडी लयेल शे का?"

"नही."

"मंग बाजूले सरका. उजेड अडस."

मी बाजूला झालो. मग पोस्टात परत आलो. त्यानंतर आमच्या घोडीला नाल ठोकायला मी गड्याला पाठवायचो, आणि चाचा ते काम नेहमीइतकंच नीट करून द्यायचा. मुलीच्या सासरची पत्रं मात्र तो शाळेच्या गुरुजींकडून वाचून घेऊ लागला. नदीवर तो पुन्हा कधी दिसला नाही. शुक्रवारी नमाजनंतर दुकान उघडंच असायचं.

साहेबाचे कागद येत राहिले. मी ते शौकीन मंडळींना वाटणं बंद केलं, पण कोणी मागायलाही येत नव्हतं. कंपाउंडर, शिंपी, सगळ्यांनी ऐकलं होतं. शिंपी एकदा गमतीने म्हणाला, "मास्तर, बिल्लाना मासा लागना तं आते मी त्यालेच माफी मांगस आनि सोडी देस." सगळे हसले. मीही हसलो. साहेबाला मी कळवलं, की हल्ली बिल्ल्याचे मासे लागत नाहीत. त्याने उत्तर लिहिलं, की मग ते आणखी वर गेले असावेत, शोध घ्यायला हवा.

युद्ध सुरू झालं आणि साहेब निघून गेला. कुठे ते कळलं नाही. डोहावरचे शिपाईही दुसऱ्या कामाला गेले. पाटी गंजली. पण डोह आता कोणाचं गुपित राहिला नव्हता, कचेरीच्या कागदामुळे आणि पाटीमुळे पंचक्रोशीत प्रत्येकाला ठाऊक होता. त्या सुमाराला तळोद्याच्या बाजूला सडकेचं काम निघालं होतं. तिथल्या मुकादमाच्या माणसांनी सुरुंगाची दारू आणली आणि एका सकाळी डोहात उडवली. आवाज गावापर्यंत आला. मी पडवीत शिक्के मारत होतो. आम्हाला वाटलं, पलीकडे कोणी विहीर फोडतंय.

दुपारी बैलगाडी गावातून गेली. गाडीत माशांचा ढीग, वर गोणपाट. गोणपाटाखालून एक शेपूट बाहेर लोंबत होतं, हातभर रुंद. गाडी नालबंदाच्या दुकानासमोरून गेली. चाचा दारात उभा होता. त्याने गाडी नजरेआड होईपर्यंत पाहिली आणि आत गेला. मी पोस्टाच्या पायरीवर होतो. आमच्यात वीस-पंचवीस पावलं होती. मला वाटलं, आता तरी जाऊन काहीतरी बोलावं. मी आत जाऊन उरलेल्या टपालावर शिक्के मारू लागलो.

पुढच्या वर्षी माझी बदली नंदुरबारला झाली. तिथे मी गळ टाकला नाही, नदीही जवळ नव्हती. बायकोने कारण विचारलं नाही.

चाचा गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही सारंगखेड्याहून आलेल्या एका पार्सलवाल्याकडून. मी रजा टाकून गेलो. दुकान आता त्याचा मुलगा चालवत होता. तिशीचा, दोन पोरांचा बाप, हात बापासारखेच जाड. त्याने मला ओळखलं. बाजेवर बसवलं, आतून चहा मागवला. आजाराचं सांगितलं, शेवटचे दिवस सांगितले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मला विचारायचं होतं ते विचारता येत नव्हतं. शेवटी मी विचारलंच.

"तुमना अब्बा... मन्हाबद्दल काही सांगेत का कधी?"

तो विचारात पडला. खरोखर आठवून बघत होता.

"नही, मास्तर," तो म्हणाला. "तुमनं नाव त्यासनी कधी काढंच नही."

मी चहा संपवला. बशी खाली ठेवली. बाहेर कोणीतरी घोडी घेऊन आलं होतं, आणि तो हात पुसत उठला.